ते बूट मी माझ्यासाठी घेतले होते

मामा,

परवा तुमचं तेरावं झालं. आलेल्या माणसांच्या चपला-वहाणांचा उंबऱ्याबाहेर ढीग पडला होता आणि पंगतीत वाढायचं सोडून मी दारातच उभी राहिले. मामी आतून दोनदा हाक मारून गेली, पण मला तिथून हलवेना. तुम्ही असता तर ओट्यावर बसल्या बसल्या त्या ढिगावरूनच कोण कोण आलंय ते सांगितलं असतं. "ही एका अंगाला झिजल्याली टाच रंगनाथची. अंगठा सुतळीनं बांधलाय तो यशवंता." तीस वर्षं खांद्याला टपालाची पिशवी लावून, खाली मान घालून खेडीपाडी चाललेल्या माणसाला लोकांचे पाय आधी आणि चेहरे मागून ओळखू येतात, असं तुम्ही म्हणायचात.

येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता, किती दिवस आजारी होते? मामी म्हणायची, महिनाभर. तुमचा दिलीप म्हणायचा, तीन आठवडे. मी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि आत जायची. मला तो दिवस ठाऊक आहे, मामा. कशानं सुरुवात झाली तेही ठाऊक आहे. दवाखान्यात नऊ दिवस तुमच्या उशाशी बसले होते. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. मग तुम्ही काहीतरी थट्टा करायचात आणि ते राहून जायचं. आता तुम्हाला लिहून सांगते आहे. पोस्टमनला पत्र लिहायचं आणि ते पोचवायला कुणी नाही, अशी वेळ माझ्यावर आली.

दिवाळीपासून सांगते.

मी नोकरीच्या गावाहून, शेवगावहून, आईला घेऊन गावी आले तेव्हा माझ्या पायात नव्या चपला होत्या. नगरच्या कापडबाजारातून आणलेल्या, चॉकलेटी पट्ट्यांच्या. तळ चांगला तीन बोटं जाड आणि टाच त्याहून उंच. तुम्ही ओट्यावर दाढी करत बसला होता. आधी मला आरशातून पाहिलंत, मग आरसा खाली ठेवून पाहिलंत.

"सुमे, तू वाढली का काय गं?"

आई माझ्या मागून पिशवी घेऊन येत होती. ती म्हणाली, "दादा, तिच्या पायात बघ काय घातलंय ते."

एका गालाला साबण तसाच, आणि तुम्ही माझी चप्पल उचलून तळहातावर तोललीत. मग बोटाच्या पेरानं तिचा तळ वाजवून पाहिलात, कलिंगड वाजवावं तसा.

"भरीव हाय का पोकळ?"

"भरीव."

"ह्येला म्हंत्यात काय?"

"प्लॅटफॉर्म."

"फलाट?" तुम्ही चप्पल उलटी केलीत, सुलटी केलीत. "नगरच्या ठेसनात हाय तसा? मंग गाडी कुटशी लागती?"

मामी पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले. पण तुम्ही थट्टा करून थांबणारे नव्हता. मला ती चप्पल घालून तुळशीपर्यंत जायला लावलंत. परत यायला लावलंत. मग एकेक प्रश्न सुरू झाले. ओल्या रानात ही रुतत न्हाई का? मागं कुत्रं लागलं तर पळता यील का? एस्टीच्या पायरीवर चढतानी काय करती? तुम्ही रागावला नव्हता, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. आमच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या घरी असल्या चपलांवरून अबोले झाले. तुम्हाला मात्र नुसतं नवल वाटत होतं, आणि जे कळत नाही त्याचा पिच्छा सोडायचा तुमचा स्वभाव नव्हता. शेवटी तुम्ही वाकलात आणि माझा डावा घोटा बोटांनी दाबलात. मी कळवळले.

"मुरगळला ना? थांब्यापासून घरी येतानी?"

खरंच दोनदा मुरगळला होता. मी कुणाला बोलले नव्हते.

संध्याकाळी दिलीप नगरहून आला. वर्कशॉपमध्ये कामाला लागल्यापासून त्याचे केस कानांवर आले होते, आणि त्या दिवशी त्यानं अंगणभर पसरणाऱ्या पायांची विजार घातली होती. खाली चांगले दोन इंच टाचेचे बूट. तुम्ही लेकाकडे खालून वर पाहिलंत, मग वरून खाली.

"दिल्या, ही प्यांट एवढी लांब कशापायी?"

"फॅशन आहे, दादा."

"अन् बुटाला टाच कशापायी?"

"प्यांट जमिनीला लागू नये म्हणून."

तुम्ही वाकून विजारीची कड बोटांनी मोजलीत. "मंग प्यांटच चार बोटं कापली असती, तर बुटाचं काम पडलं असतं का?"

दिलीप खाली वाकून विजार झटकायला लागला. त्या रात्री जेवताना तुम्ही मधूनच म्हणत होता, "प्यांट रस्ता झाडती, बूट तिला उचलून धरत्यात," आणि स्वतःशीच मान हलवत होता. आमच्या लहानपणी तुम्ही आम्हाला परदेशातून आलेली तिकिटं दाखवायचात, तेव्हा तुमच्या तोंडावर असंच नवल असायचं.

पाडव्याला सकाळी मामी तुम्हाला तेल लावत होती. पायाशी आली आणि थबकली. टाचेच्या थोडं वर बाभळीचा काटा मोडून आत राहिला होता. कातडी काळी पडली होती. मामी घाबरली. तुम्ही पाय उचलून पाहिलात, चिमट्यानं काटा ओढून काढलात आणि आमच्यापुढे धरलात. चांगला पेरभर लांब होता.

"कदी गेला, कळलं बी न्हाई. बघा रे, फलाटवाल्यांनो! तीस वर्सं चालल्याला पाय हाय ह्यो."

आम्ही हसलो. दिलीपनं तर टाळी वाजवली. मी चौथीच्या मुलांना आरोग्याचे धडे शिकवते, मामा. पेरभर काटा आत जातो आणि माणसाला कळत नाही, हे बरं लक्षण आहे का, असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आम्ही सगळे त्या पायांचं कौतुक करत बसलो.

भाऊबीजेला आपलं वाजलं. तुम्ही सहज विचारलंत, "सुमे, खरं सांग, ह्ये कुनासाठी घालती?"

त्याचं खरं उत्तर होतं माझ्यापाशी. श्रावणात पाथर्डीकडचं स्थळ मोडलं तेव्हा तुम्ही घरी येऊन म्हणालात, पत्रिका जमली न्हाई. ते खरं नव्हतं. मुलगी ठेंगणी आहे, असं त्यांनी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं. मला ते आईकडून कळलं, आणि मला कळलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून मी गप्प राहिले. दुसरं म्हणजे शाळेतला फळा. तो भिंतीत उंचावर बसवलेला. तारीख आणि वार लिहायला मला खुर्चीवर चढावं लागायचं, आणि चढले की मागच्या बाकांवरून खुसखुस सुरू व्हायची. त्या चपलांमुळे माझा हात पोचायला लागला होता. एवढंच होतं. ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "मामा, तुम्ही आयुष्यभर टायरच्या वहाणा घातल्यात. तुम्हाला त्यातलं काय कळतंय?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. तुम्ही उठलात आणि गाईला पाणी दाखवायला गेलात. नंतर मला चपलांवरून तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत. मला वाटलं, बरं झालं, जिंकले.

आता जे सांगायचं आहे ते.

सव्वीस जानेवारीला तुम्ही झेंडावंदनाला शाळेत आलात. मी बोलावलं नव्हतं. स्वच्छ धोतर, कडक टोपी, हातात आईसाठी पिठाची पिशवी, आणि पायांत त्याच वहाणा. पट्ट्यांना खिळे मारलेल्या, तळाला टायरची नक्षी. मुलांच्या रांगेमागे तुम्ही ताठ उभे होता. टपालखात्यात होता तेव्हा उभे राहायचात तसे. आमच्याकडे एक नवे गुरुजी आलेत, नगरच्या कॉलेजात शिकलेले. ते शेजारच्या बाईंना हळूच म्हणाले, "हे पाहुणे एसटीचं चाक काढूनच आलेले दिसतात." बाई हसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे बघून हात केला त्यांनी. कोण हो?"

मी म्हणाले, "गावाकडचे आहेत."

वडील गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. आईला आणि मला तुम्ही घरी आणलंत. शाळेत नाव घातलंत, डीएडला पाठवलंत, नोकरीचा हुकूम आला तेव्हा तो स्वतःच्या हातानं माझ्या हातात दिलात. आणि मी म्हणाले, गावाकडचे आहेत.

तुम्ही किती लांब होता? दहा पावलं? बारा? मी त्या मैदानात जाऊन मोजून आले, मामा. त्या गुरुजींच्या जागी उभी राहिले, मग तुमच्या जागी. ऐकू येतं की येत नाही, ते मला ठरवता आलं नाही. त्या दिवशी वारा होता. मुलं घोषणा देत होती. कधी वाटतं, येणं शक्यच नाही. मग पहाटे जाग येते आणि वाटतं, तुम्ही नक्की ऐकलंत.

पुढच्याच पगाराला मी दिलीपला घेऊन बाजारात गेले आणि तुमच्यासाठी बूट घेतले. काळे, चामड्याचे, नाडीचे. दिलीपला सांगितलं की दादांचे पाय आता थकले. तुम्हालाही तेच सांगितलं. तुम्ही बूट हातात घेतलेत, आत डोकावून पाहिलंत. विहिरीत डोकावावं तसे.

"वहानांला काय झालं?"

"म्हाताऱ्या माणसाला बंद बूट बरे असतात. काटाकुटा लागत नाही."

"काटा मला कुटं लागतो?" मग नाडीकडे बोट दाखवून, "ह्ये रोज बांदायचं अन् रोज सोडायचं? अन् पायाला वारा कुटून मिळायचा?"

दिलीप म्हणाला, "आत मोजे घालायचे, दादा."

"उनात? अरं, वारा लागंना म्हनून मी बोलतोय अन् तू वरून गोदडी घालाया सांगतो." तुम्ही हसलात. दिलीपकडून नाडीची गाठ दोनदा शिकून घेतलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, "सुमनच्या शाळंत येतानी घालीन. मंग झालं?"

मंग झालं? हे दोन शब्द माझ्या कानातून जात नाहीत. शाळेत येतानीच का म्हणालात? कुणी सांगितलं होतं तुम्हाला की शाळेतच घाला? मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, "झालं," आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

पंधरा दिवसांनी तुम्ही ते घालून माझ्या शाळेकडे निघालात. एसटी आली नाही, म्हणून चालत निघालात. तीन कोस. यंदाचा हा दुष्काळ, रस्त्याचं काम निघालेलं, वाटभर नुसती खडी पसरलेली. एवढीशी खडी बुटात गेली, अंगठ्याच्या खाली बसली आणि तुम्ही तीन कोस तिच्यावर चाललात. मग परत तीन कोस. मी तुम्हाला पाहिलंच नाही. शाळेत येऊन तुम्ही कुणाला न भेटता परत गेलात, हे मला मागून कळलं.

घरी मामीनं मोजा काढला तर तो रक्तानं चिकटलेला. तुम्ही तिला सांगितलंत, "सुमीला बोलू नको. हौसंनं घेतल्यात तिनं." हळद भरून फडकं बांधलंत. दुखत नव्हतं, मग काळजी कसली? फडक्याखाली पाय काळा पडत गेला आणि तुम्ही ओट्यावर बसून आल्यागेल्याशी बोलत राहिलात. तीन आठवड्यांनी अंगात ताप भरला, घरात वास यायला लागला, तेव्हा मामीनं शेजारच्या मुलीकडून मला कार्ड लिहवून घेतलं. कार्ड तीन दिवसांनी मिळालं. तुम्ही नोकरीत असता तर दुसऱ्या दिवशी मिळालं असतं.

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि आधी तुमच्या पायाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. त्यांनी पायाला सुई टोचली. तुम्ही शांत.

"कळतं का?"

"काय?"

त्यांनी वर टोचली, अजून वर टोचली. पोटरीच्या मध्यावर तुम्ही "हां" म्हणालात. डॉक्टरांनी विचारलं, पाय बधिर कधीपासून आहेत? तुम्ही म्हणालात, "बधिर न्हाईत, सायब. घट हायेत. टपालाचे पाय हायेत."

डॉक्टर बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, साखरेचा आजार आहे, पुष्कळ वर्षांचा असावा. त्यात पायाची जाणीव जाते. काटा, खडा, निखारा, काही कळत नाही. जुनी सैल वहाण असती तर खडा आला तसा निघून गेला असता. बंद बुटात तो अडकला. पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आणि लवकर.

जुनी सैल वहाण असती तर. दिलीप भिंतीला टेकून उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता आणि मी त्याच्याकडे.

तुम्ही नाही म्हणालात. तो आपला दुसरा वाद, आणि तो लवकर संपेना. मी ओरडले, दिलीप पाया पडला, मामी रडली. तुमचं एकच. "मानूस जातो तवा पुरा जाऊ द्यावा. अर्धा कुटं पाठवायचा?" दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "सुमे, तुला काय वाटतं? घाबरून न्हाई, इचार करून सांग."

मी म्हणाले, "मला तुम्ही हवे आहात, मामा. कसेही."

"मंग काढाया सांग," म्हणालात.

ते दोन दिवस वाया गेले नसते तर? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं सांगता येत नाही. मी परत विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या खाटेकडे गेले.

पाय काढल्यावर तुम्ही नऊ दिवस होता. पहिले दोन ग्लानीत गेले. मग तुम्ही जागे झालात आणि खाटेवरून जगाचे पाय बघायला लागलात. आडव्या माणसाला तेवढेच दिसतात, म्हणालात. वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्यांचं समालोचन सुरू झालं. नर्सच्या पांढऱ्या बुटांना आवाज का नसतो? समोरच्या खाटेवरच्या पोराला भेटायला येणाऱ्या दोस्तांचे बूट पुढून एवढे निमुळते, बोटं कुठं ठेवत असतील? एकदा माझ्यासारख्याच चपला घातलेली एक मुलगी आली, तर तुम्ही मला कोपरानं ढोसलंत. "फलाट नंबर दोन." दुखण्यानं ओठ पांढरे पडलेले आणि तुम्ही हसवत होता. दिलीपला म्हणालात, "दिल्या, आता मला एकच बूट लागंल. निम्मा खर्च वाचला तुजा." दिलीप बाहेर व्हरांड्यात जाऊन रडला.

सहाव्या दिवशी दुपारी मी तुम्हाला मोसंबीचा रस पाजत होते. तुम्ही डोळे मिटून होता. मध्येच म्हणालात, "पार वरपोतर पोचतो आता तुजा हात."

"कुठं?"

"फळ्याला. त्या दिशी आल्तो ना शाळंत, खिडकीतून बघितलं. तारीख लिव्हत हुती. टाचा उचलल्या बी न्हाईत तू." डोळे तसेच मिटलेले. "मला वाटलं हुतं, नुसती हौस हाय. मला काय म्हाईत, फळा एवढा वर हाय ते. आंदी बोलायचं ना, येडे. मी हेडमास्तरला सांगून फळाच खाली घेतला असता."

मी पेला खाली ठेवला. तीन कोस चालून तुम्ही ते बघायला आला होता. दिवाळीत मी तुमचं तोंड बंद केलं, तरी तुमच्या डोक्यातून तो प्रश्न गेला नव्हता. मला विचारायचं नाही म्हणून तुम्ही स्वतः बघायला आलात. खिडकीत उभे राहिलात, उत्तर मिळालं, आणि वर्ग चालू आहे, तिला कशाला मध्येच, म्हणून परत फिरलात. बुटात खडी घेऊन.

तेव्हाच सांगायचं होतं मला. ओठावर आलं होतं. मामा, ते बूट तुमच्या पायांसाठी नव्हते. तुमच्या वहाणांची मला लाज वाटली, म्हणून घेतले. सव्वीस जानेवारीला मी तुम्हाला ओळख दिली नाही. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "थोडी साखर घाल की गं रसात," आणि नर्स लांबून ओरडली, "आजोबा, साखर नाही!" तुम्ही एक डोळा उघडून मला डोळा मारलात. मी हसले. ते राहिलं.

नवव्या दिवशी सकाळी मी तोंड धुवायला गेले होते. परत आले तर दिलीप खाटेशी उभा होता आणि त्यानं तुमचा हात धरला होता.

मला सगळे सांगतात, तू किती केलंस मामांचं. मामी परवा बायकांना सांगत होती, नऊ दिवस पोरगी हलली नाही. मला तिथं बसवत नव्हतं. काल मी मामीला आणि दिलीपला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. झेंडावंदन, ते गुरुजी, माझे ते दोन शब्द, बूट. दिलीप उठून शेताकडे गेला, जेवायलाही आला नाही. मामी म्हणाली, "त्यांनी ऐकलं असंल गं सुमन. त्या दिशी घरी आले तवा मला म्हनले, माज्या वहाना जरा लईच वाजत्यात, नाही?" मग म्हणाली, "पन त्यांच्या मनात काई नव्हतं. बूट आले तवा गल्लीभर दाखवून आले. भाचीनं घेतले म्हनून."

यातलं कोणतं मी धरू, मामा? मला दोन्ही सोडवत नाहीत.

तुम्हाला दवाखान्यातून हलवताना डॉक्टरांनी विचारलं होतं, यांना सख्खे भाऊबहीण कोणी? हा आजार घरात असू शकतो, तपासून घ्या. तेव्हापासून मला आईची धास्ती लागली आहे. ती पाणी फार पिते. रात्री तीनतीनदा उठते. उन्हाळाच आहे, असं ती म्हणते. ती चुलीपुढं बसली की मी तिच्या पायांकडे बघत राहते. तिच्या तळव्याला भेग आहे. विचारलं, दुखते का? म्हणाली, "न्हाई बाई, काईच दुखत न्हाई." भांडून, रडून, अन्नपाणी सोडीन म्हणून आज सकाळी तिला शेवगावच्या दवाखान्यात नेलं. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, काई निघालं तर मला सांगू नको बाई.

कंपाउंडरनं काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, आईच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळी राहिली तर आजार नाही, एवढं त्यानं मला सांगितलं होतं. आई बाहेर बाकावर बसली होती. मी एकटीच उभी. नळी उकळायला लागली. निळी होती. मग हिरवी झाली. मी मनात म्हटलं, एवढ्यावर थांबू दे. ती पिवळी झाली, आणि पिवळ्याची विटकरी होत गेली.

बाहेर आले. आईनं माझं तोंड बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. आपल्या घरात सगळ्यांना हे जमतं. क्षणभर माझ्याही ओठावर आलं, की काही नाही, चल घरी.

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आई, साखर निघाली. मामांना होती तीच. तुलाही आहे."

आईनं पदर डोळ्यांना लावला. मग तो खाली घेतला आणि म्हणाली, "बरं. मंग आता काय काय करायचं, ते समदं सांग."